गैरहजराचा वाटा

गौरव्वाच्या पायाला मिठाची पुरचुंडी बांधलेली होती आणि तो पाय हवेत होता.

दृश्य तसं निरुपद्रवी होतं. घराच्या सोप्यात, दार उघडं टाकून, साठी उलटलेली एक बाई घोंगड्यावर उताणी पडली आहे. एक गुडघा मुडपलेला, दुसरा पाय सरळ वर. घोट्याला जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेलं अर्धा किलो मीठ. ओठांतल्या ओठांत आकडे मोजणं चाललं आहे. कुणाही सज्जन माणसाला हे पाहून कौतुक वाटलं असतं. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या डॉ. उत्तरा पानसे यांना वाटलं नाही.

"आपण कोणत्या गल्लीत आहोत?" त्यांनी विचारलं.

"खालच्या," मी म्हणालो.

"मलाही तसंच वाटलं होतं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

ही गोष्ट आता बरीच जुनी आहे. मी तेव्हा पुण्याच्या एका संशोधन संस्थेत कंत्राटी सहायक होतो, आणि पानसे मॅडम माझ्या प्रमुख होत्या. अभ्यासाचा विषय होता साठीपुढच्या बायकांचे गुडघे. गाव होतं कंकणमट्टी, कोल्हापूर जिल्ह्याच्या पार टोकाला, जिथं माणसं मराठी बोलतात आणि नावं कानडी ठेवतात. आम्हाला एवढंच पाहायचं होतं की यंत्र नाही, दवाखान्याची फेरी नाही, फक्त घरातलं मीठ पायाला बांधून रोज व्यायाम केला तर दुखणं कमी होतं का. होत असेल, तर तो व्यायाम जिल्ह्यातल्या सगळ्या आरोग्य केंद्रांत शिकवू, असं एका मोठ्या अधिकाऱ्यानं कबूल केलं होतं. होत नसेल, तर मीठ भाजीत घालावं.

यासाठी गावाचे दोन भाग केले होते. चिठ्ठ्या टाकल्या, त्यात वरच्या गल्लीला व्यायाम आला. खालच्या गल्लीला काही आलं नाही. दोन्ही गल्ल्यांना सारखंच मलम मिळायचं, दोन्हीकडे डॉक्टर येऊन तपासायचे. पण व्यायाम फक्त वर. खालच्या गल्लीनं नेहमीसारखं दुखत राहायचं आणि मी विचारलं की सांगायचं. म्हणजे वरच्यांचं किती कमी झालं ते मोजता येतं. शास्त्राला याशिवाय दुसरा मार्ग अजून सापडलेला नाही. खालच्या गल्लीला आम्ही सांगितलं होतं की तुमचाही अभ्यास चालू आहे. कशासाठी, हे कुणी विचारलं नाही, आणि न विचारलेलं सांगण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती.

पद्धती मात्र बाकी भरपूर होत्या. मॅडमनी स्वतः नियमावली लिहिली होती. सहभागी व्यक्तींशी संबंध सौहार्दपूर्ण पण तटस्थ ठेवावेत. त्यांच्याकडे काही खाऊ नये, पाण्याखेरीज काही पिऊ नये, स्वतःविषयी काही सांगू नये. सौहार्दपूर्ण पण तटस्थ चेहरा कसा करायचा, हे मी खोलीवरच्या आरशात करून पाहिलं होतं. पोट बिघडल्यासारखा दिसायचा.

तर गौरव्वानं आम्हाला पाहिलं, पाय खाली घेतला आणि बसा की म्हणाली. मॅडम उभ्याच राहिल्या. त्यांनी विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं.

"कल्लव्वानं. वरच्या गल्लीतली माझी थोरली जाऊ," गौरव्वा म्हणाली. "वाटा आणून दिला माझा."

"कसला वाटा?"

मग गौरव्वानं समजावून सांगितलं, जसं दुसरीतल्या पोराला सांगावं तसं. दर सोमवारी मल्लय्याच्या देवळात बायकांचं भजन असतं. भजन झालं की फुटाणे, गूळ आणि खोबरं वाटतात. मंडळातली जी कुणी आलेली नसेल तिचा वाटा बाजूला काढतात आणि कुणीतरी तो तिच्या घरी नेऊन देतं. नुसता देऊन परत फिरायचं नाही. बसायचं, का आली नाहीस ते विचारायचं, आणि त्या दिवशी देवळात जे काही झालं ते सगळं सांगायचं. गैरहजराचं काही म्हणजे काही चुकता कामा नये.

"मागं गुडघा सुजला तवा मला जायाला झालं न्हाई," गौरव्वा म्हणाली. "फुटाणं आलं, गूळ आला. कल्लव्वा म्हणाली, आमाला मास्तरनं हे बी दिलंय, घे तुझा वाटा. मग मी शेजारच्या बाळाक्काला दिलो. आता सगळी गल्ली करती." त्या भागात बायकाही 'मी दिलो, मी गेलो' असंच बोलतात. मग मॅडमच्या तोंडाकडे पाहून तिनं विचारलं, "तुमाला बी पायजे काय?"

मॅडम चहा न घेता निघाल्या. नियमच होता तो, पण त्या दिवशी त्यांनी तो जरा जास्तच जोरात पाळला. जीपपाशी येऊन मला म्हणाल्या की दोन्ही गल्ल्या एकच व्यायाम करत असतील तर या गावातून कळणार काय? दोन्हीकडे बरं वाटलं तर ते व्यायामानं, मलमानं की हवापालटानं? झालेलं सगळं फुकट गेलं. आता नव्यानं मोजायला सुरुवात करायची. मात्र खालच्या गल्लीत पुन्हा एक जरी पाय हवेत दिसला तर कंकणमट्टी अभ्यासातून बाहेर. आणि मीही.

"मी काय करू, मॅडम?"

"तटस्थ राहून थांबवा," त्या म्हणाल्या, आणि जीप उतारावरून खाली गेली.

मी आधी तटस्थ राहून थांबवायचा प्रयत्न केला. खालच्या गल्लीत घरोघर जाऊन पुरचुंड्या गोळा केल्या. बायकांनी आनंदानं दिल्या. मास्तरला मीठ लागतंय म्हणून काहींनी ओंजळभर जास्तच घातलं. मला मास्तर म्हणत, कारण मी प्रश्न विचारत असे आणि उत्तर ऐकून समाधानी दिसत नसे. दुसऱ्या दिवशी गेलो तर बाळाक्काच्या घोट्याला गुळाचा मोठा खडा होता.

सोमवारी मी देवळात गेलो. देवळात मी नेहमीच जात असे, कारण सगळ्या बायका एका जागी सापडण्याचं ते एकमेव ठिकाण होतं. भजनाआधी मी कट्ट्यावर बसून एकेकीला विचारायचो, गुडघा दहापैकी किती दुखतो. हा प्रश्न मोठ्या शास्त्रीय खटपटीनं तयार केलेला होता. गौरव्वा म्हणायची, "कल्लव्वापेक्षा जास्त." बाळाक्का म्हणायची, आज सोमवार, सोमवारी मी दुखणं सांगत नाही. मग भजन व्हायचं, वाटप व्हायचं, कल्लव्वा पळसाच्या पानाचा द्रोण माझ्यापुढं धरायची, मी हात जोडून म्हणायचो, "नियम आहे," ती म्हणायची, "बरं," आणि द्रोण बाजूला ठेवायची. पहिल्या सोमवारपासून हे असंच चाललं होतं. मला वाटायचं, तिनं माझ्या नियमाचा मान राखला.

कल्लव्वा मंडळाची प्रमुख. उंच, सडपातळ, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, आणि समोरचा बोलायचा थांबल्यावरही थोडा वेळ ऐकत राहायची सवय. त्यामुळं माणूस ठरवलेल्यापेक्षा जास्त बोलून जायचा. मीही गेलो. भजन सुरू व्हायच्या आधी, दोन्ही गल्ल्यांसमोर, जे कुणी विचारलं नव्हतं ते सगळं सांगितलं. चिठ्ठ्या कशासाठी टाकल्या. खालच्या गल्लीला व्यायाम का दिला नाही. वाटा दिल्यानं काय बिघडलं. हेही सांगितलं की ज्यांना हे पटत नसेल त्यांनी आत्ता नाव काढून घ्यावं, मलम आणि डॉक्टर तरीही मिळत राहतील, आणि व्यायाम मी स्वतः शिकवीन.

टाळ हातातच राहिले.

"म्हंजे," कल्लव्वा अखेर म्हणाली, "आमचं गुडघं बरं झालं हे कळायला ह्यांचं दुखायला पायजे."

"होय."

"हे असलं इचार करायला तुमाला पगार मिळतो?"

"कंत्राटी आहे," मी म्हणालो.

"तरीच," गौरव्वा म्हणाली.

हसू फुटलं आणि मला जरा श्वास घेता आला. पण कल्लव्वा हसली नव्हती. ती म्हणाली, मास्तर, वाटा द्यायचा नाही असं आम्हाला जमायचं नाही. आजपर्यंत कुणाचा ठेवून घेतला नाही. माझ्या सख्ख्या जावेच्या दारावरनं जाताना मी पाय उचलायला शिकलो हे लपवून ठेवू? मग कसलं भजन आणि कसलं काय. तिचं म्हणणं खरं होतं आणि माझी नोकरीही खरी होती. मी मान खाली घालून फरशी पाहत बसलो. ती स्वच्छ होती.

"ह्या मीठ बांधण्यानं," मागून गौरव्वाचा आवाज आला, "कुणाला उपेग हुणार म्हणालासा?"

मी म्हणालो, ठरलं तर जिल्ह्यातल्या सगळ्या बायकांना.

"आणि आमी केलं न्हाई तरच ते ठरणार."

"काही महिने. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारपर्यंत."

"आमी म्हंजे खालच्या गल्लीनंच. हिनं न्हाई," तिनं कल्लव्वाकडे बोट केलं.

"हो. त्यांनी करत राहायचं. तुम्ही सोडायचं."

गौरव्वानं पदर सावरला. जन्मभर थोरल्या जावेच्या मागून चालत आलेल्या बाईच्या चेहऱ्यावर एक अपूर्व तेज मला त्या क्षणी दिसलं.

"मग हे व्रतच झालं की," ती म्हणाली. "सोडायचं म्हणजे व्रत. हिचा नुसता व्यायाम."

त्यानंतर जे झालं त्यावर माझा काही ताबा नव्हता. खालच्या गल्लीची आपसात कुजबुज झाली. दोघीतिघींना खरंच जमणार नव्हतं. त्यांनी तसं सांगितलं, नावं काढून घेतली, आणि कुणी त्यांना काही म्हणालं नाही. बाकीच्यांनी ठरवलं की मल्लय्यापुढं संकल्प करायचा. आता प्रश्न वाट्याचा राहिला नव्हता. व्रतात असलेल्या माणसाला जे वर्ज्य आहे ते कुणी आणून देत नाही. एकादशीच्या घरी भाताचं ताट कोण नेईल? कल्लव्वाची अडचण सुटली होती. पण ती खूश दिसेना. वरच्या गल्लीतल्या एकदोघी तर उघडच म्हणाल्या की आम्हालाही व्रतात घ्या, आम्ही पण सोडतो. कल्लव्वानंच त्यांना दटावलं. तुम्ही सोडलंत तर मास्तरचं गणित बुडालं; गप पाय उचला.

"पण व्रताला रीत असती," गौरव्वा माझ्याकडे वळली. तिला आता थांबवणं कठीण होतं. "ज्यानं व्रत दिलं त्यानं बी पाळायचं असतंय. तुमी काय सोडतासा?"

मी म्हणालो, मी मुळात काही खातच नाही इथं.

"ते तुमच्या मॅडमसाठी. आमच्यासाठी काय?"

बायकांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग सगळ्यांची नजर देवळाबाहेर गेली. तिथं माझी मोटारसायकल उभी होती.

मुख्य रस्त्याच्या फाट्यापासून कंकणमट्टीपर्यंत चढ आहे. गाव टेकडीवर का वसवलं याबद्दल बऱ्याच दंतकथा आहेत. एकही पटत नाही. ठरलं ते असं : खालच्या गल्लीचे गुडघे दुखत राहणार तोवर मास्तरनं फाट्यावर गाडी लावायची आणि चालत यायचं. व्रत एकट्या खालच्या गल्लीचं राहिलं नाही.

"आणि उद्यापनाला," गौरव्वा म्हणाली, "तुमच्या मॅडमनी यायचं. त्यांनी हिसकून घेतलं, त्यांनीच हातानं माझ्या पायाला बांधायचं. न्हाई आल्या तर व्रत पुरं हुणार न्हाई. माझंच न्हाई, कुणाचंच न्हाई."

मी हो म्हणालो. पानसे मॅडमच्या वतीनं वचन द्यायचा मला काडीचाही अधिकार नव्हता.

पुण्याला मी कळवलं की सहभागींनी स्वतःच्या पुढाकारानं नियमपालनाची व्यवस्था उभी केली आहे. हे वाक्य मॅडमना आवडलं. फोनवर त्यांनी व्यवस्थेचं स्वरूप विचारलं, तेव्हा मला सांगावं लागलं. त्या म्हणाल्या की व्रत संशोधनात कुठल्या रकान्यात बसवायचं ते मला सांगा. उद्यापनाचं मी हळूच काढलं. त्या म्हणाल्या, मी सहभागींच्या कार्यक्रमांना जात नाही, नियम मीच लिहिलाय. मी म्हणालो, तुम्ही आला नाहीत तर व्रत अपुरं राहील. "बघू," त्या म्हणाल्या. ज्यांनी त्यांच्या हाताखाली काम केलं आहे त्यांना माहीत आहे की मॅडमच्या 'बघू'चा अर्थ आजवर एकदाही 'हो' असा झालेला नाही.

मग मी चालू लागलो. पहिल्या आठवड्यात गाव माझी गंमत बघायला कट्ट्यावर जमलं होतं. दुसऱ्या आठवड्यात दुधाच्या टेम्पोवाल्यानं मला वर सोडतो म्हणून गाडी थांबवली. मी नको म्हणालो, आणि मी वर पोचायच्या आधी ती बातमी वर पोचली होती. त्यानंतर टेम्पोवाला हॉर्न वाजवून जायचा, जसं देवळावरून जाताना वाजवतात. वर आलो की गौरव्वा पाण्याचा तांब्या घेऊन उभी असायची. पाणी नियमात बसत होतं.

"मास्तर, दहातलं किती?" ती विचारायची.

"तीन."

"खोटं. सहा तरी असंल."

मी श्वास लागलेल्या अवस्थेत तिथंच बसायचो. मग ती माझ्याबद्दल विचारायची आणि मी, स्वतःविषयी काही सांगू नये हे माहीत असूनही, सांगायचो. आई आजारी आहे. लग्न ठरत नाही. कंत्राट वाढेल की नाही कळत नाही. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "हं. ह्याला मलम न्हाई." इकडे मलाही आता आकड्यांपलीकडचं ऐकू यायला लागलं होतं. बाळाक्का सोमवारी दुखणं सांगत नसे, कारण सोमवार तिच्या गेलेल्या मुलीचा वार होता आणि त्या दिवशी दुसऱ्या कुठल्या दुखण्याचं नाव काढायला तिला आवडत नसे. मी तिला मंगळवारी विचारू लागलो. मंगळवारी ती सगळं सांगायची, गुडघ्यासह.

दिवाळी जवळ आली तशी वरच्या गल्लीची चाल बदलली. कल्लव्वाला देवळाच्या पायऱ्या कठड्याला हात न लावता चढता येऊ लागल्या, पण ते खालच्या गल्लीला दिसू नये म्हणून ती मुद्दाम हात लावायची. खाली गौरव्वाचं काही खरं नव्हतं. तिला खाली बसता येईना. भजनाला ती पालथ्या बादलीवर बसू लागली. डॉक्टर येऊन पाहून गेले, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले. पण एका सोमवारी तिला उठताना बघून मला राहवलं नाही. तिला बाजूला घेऊन म्हणालो, पुरे आता. तुम्ही कधीही सोडू शकता हे मी सांगितलंय. मी आज पुरचुंडी बांधून देतो. एका माणसानं गणित बुडत नाही.

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"मास्तर, तुमी मधनं कवा गाडीवर बसून आलासा?"

"नाही."

"मग?"

ती बादलीकडे परत गेली. त्या दिवसापासून माझ्या मनात दुसरी कुठलीच काळजी उरली नाही, नोकरीचीसुद्धा नाही. फक्त एवढीच : मॅडम आल्या नाहीत तर या बाईला मी काय तोंड दाखवू? मी पुण्याला पुन्हा फोन केला, आणि त्यानंतर पुन्हा. मॅडमनी आकडे मागवले, मी पाठवले. वरच्या गल्लीचं दुखणं उतरलं होतं, खालच्या गल्लीचं उतरलं नव्हतं, आणि संकल्प केलेल्या बायकांपैकी एकही मधून गळाली नव्हती. मॅडमनी इतकंच विचारलं, "एकही नाही?" मी म्हणालो, एकही नाही. "असं होत नाही," त्या म्हणाल्या. अशा अभ्यासांत माणसं कंटाळतात, रुसतात, लेकीकडे निघून जातात. त्यांच्या सगळ्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं.

"तुम्हीच येऊन विचारा त्यांना," मी म्हणालो.

"बघू."

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी मी फाट्यावर गाडी लावली तर तिथं संस्थेची जीप उभी होती. मॅडम आत बसल्या होत्या. मी येत नव्हते, त्या म्हणाल्या, पण न गळणारे सहभागी ही शास्त्रीयदृष्ट्या तपासण्यासारखी बाब आहे. मी म्हणालो, निश्चितच. तुम्ही जीपनं पुढं व्हा, मी आलोच चालत. जीप पुढं गेली. पहिल्या वळणावर मी पोचलो तेव्हा ती रिकामी उभी होती, ड्रायव्हर तंबाखू मळत होता आणि मॅडम पदर खोचून पुढं चालत होत्या.

त्या थांबत थांबत चढत होत्या, प्रत्येक वेळी निसर्ग पाहण्याचं निमित्त करून. त्या चढावर निसर्ग असा फारसा नाही. उजवा पाय त्या जरा बाहेरून टाकत होत्या. अनेक महिने मी दोन गल्ल्यांचे गुडघे पाहत आलो होतो. ती चाल मी ओळखली आणि बोललो नाही.

देवळासमोर दोन्ही गल्ल्या उभ्या होत्या. गौरव्वा बादलीवर बसली होती, नवं इरकली लुगडं नेसून, पाय पुढं करून. तिच्या शेजारी मिठाची नवीकोरी पुरचुंडी ठेवली होती. मॅडमनी ती उचलली. मग प्रश्न आला की घोटा जमिनीजवळ आणि मॅडम उभ्या. त्यांनी एक हात कल्लव्वाच्या खांद्यावर ठेवला, दात दाबले आणि कशाबशा खाली बसल्या. दोन गाठी मारल्या, ओढून पाहिल्या, शास्त्रज्ञच त्या. गौरव्वानं पाय उचलला. सगळ्यांनी टाळ वाजवले. मग उठायची वेळ आली आणि मॅडमना उठता येईना.

गौरव्वानं वाकून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"मॅडम, दहातलं किती?"

मला वाटलं, आता तटस्थ उत्तर येणार. मॅडमनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, नियमावलीच्या लेखिकेनं एका कंत्राटी माणसाकडे पाहावं तसं.

"सात," त्या म्हणाल्या.

"खोटं," गौरव्वा म्हणाली. "आठ."

"आठ," मॅडम म्हणाल्या, आणि खाली बसल्या बसल्या हसू लागल्या. त्यांना मी कधी हसताना पाहिलं नव्हतं. मग बाळाक्कानं एका बाजूनं आणि कल्लव्वानं दुसऱ्या बाजूनं धरून त्यांना उठवलं आणि कट्ट्यावर टेकवलं.

भजन झालं. वाटप सुरू झालं. कल्लव्वानं नेहमीसारखा द्रोण माझ्यापुढं धरला. माझे हात सवयीनं जुळले, मग मी मॅडमकडे पाहिलं. त्या देवळाच्या कळसाकडे पाहत होत्या. मी द्रोण घेतला.

"आज घेतलास," कल्लव्वा म्हणाली. इतके महिने ती मला अहोजाहो करत होती. "बरं झालं. गौरव्वाच्या जिवाला आता आराम पडंल."

मी विचारलं, त्यांचा काय संबंध?

"तुझा वाटा तीच खात आली की पहिल्या सोमवारपासनं."

गौरव्वा म्हणाली, मग मी काय करणार होते, तुम्ही घ्यायला तयार नव्हता आणि वाटा वाया घालवायचा नसतो. गूळ मला फारसा चालतही नाही; तुमच्यापायी खाल्ला.

"पण मी तर गैरहजर नव्हतो," मी म्हणालो. "इथंच बसलेला असायचो. आणि तो वाटा मंडळातल्यांचाच काढतात ना?"

"मंडळातल्यांचाच," कल्लव्वा म्हणाली. "इथं बसून हात जोडून न्हाई म्हणणारा गैरहजरच की रं बाळा. त्याला काय झालंय ते इचारायला लागतंय. म्हणून तर आमी एकजण बी सोडून गेलो न्हाई. मंडळातल्या पोराचं काम अर्ध्यात कोण टाकंल?"

मी फुटाणे खाल्ले. थोडे मऊ पडले होते. खोबऱ्याचा तुकडा खाताना मला दुसरीकडे पाहावं लागलं.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. ज्या प्रश्नासाठी त्या जीपनं पुण्याहून आल्या होत्या त्याचं उत्तर त्यांना मिळालं होतं, आणि ते कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. त्यांनी चष्मा परत चढवला, घसा साफ केला आणि नजर माझ्या द्रोणावर ठेवून, कुणाला उद्देशून नाही अशा बेतानं, विचारलं की ज्या मंडळात नाहीत त्यांना हे मिळतं का.

कल्लव्वानं गौरव्वाकडे पाहिलं. गौरव्वानं बादलीमागून एक झाकलेला द्रोण काढला आणि मॅडमच्या मांडीवर ठेवला.

"तुमी चहा न घेता रागानं गेलासा न्हाई का," ती म्हणाली, "तवापासनं काढतोय तुमचा बी."